जोड्यांचे मोल, गळ्याचे मोल

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरी झालेल्या एका लिलावात लाल टिकल्यांनी मढविलेला बुटांचा एक जोड २ कोटी ८० लाख डॉलरांच्या बोलीला गेला. लिलाववाल्यांची दस्तुरी धरून खरीददारास तो सव्वातीन कोटी डॉलरांना पडला. १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ' या बोलपटासाठी जे काही जोड तयार करण्यात आले होते, त्यांपैकी हा एक. २००५ मध्ये तो चोरीस गेला होता आणि तेरा वर्षांनी सापडला. हे बूट पडद्यावर घालून जी सोळा वर्षांची मुलगी वावरली, तिला त्या कामाचे आठवड्याला ५०० डॉलर मिळत होते. तीच मुलगी पुढे २२ जून १९६९ रोजी लंडनमध्ये मरण पावली, तेव्हा तिचे वय ४७ होते आणि डोक्यावर कर्ज होते. तिचे नाव ज्यूडी गार्लंड.

हा विरोध कोणाच्याही नजरेत भरण्यासारखा आहे, आणि अशा विरोधावर दोन अश्रू ढाळून मोकळे होण्याची सवय आपणां सर्वांनाच आहे. 'प्रतिभेला शाप असतो', 'कलावंताने जळावे तेव्हाच जग उजळते', ही वाक्ये ज्यूडीच्या बाबतीत इतक्यांदा उच्चारली गेली आहेत की, तिचे दुःख हेच जणू तिच्या गाण्याचे भांडवल होते असा समज रूढ झाला आहे. आम्हांस हा समज मान्य नाही. तिची प्रतिभा आणि तिचे हाल या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिली तिला जन्मतः मिळाली होती. दुसरी माणसांनी, पगारपत्रके आणि करारनामे समोर ठेवून, घडविली होती.

प्रथम प्रतिभेविषयी. मिनेसोटा राज्यातील ग्रँड रॅपिड्स या लहानशा गावी १० जून १९२२ रोजी तिचा जन्म झाला. नाव फ्रान्सिस एथेल गम. आईबाप त्याच गावात चित्रपटगृह चालवीत आणि खेळांच्या मध्ये गाण्याबजावण्याचे कार्यक्रम करीत. ही तीन बहिणींत धाकटी. अडीच वर्षांची असताना ती रंगमंचावर चढली आणि नाताळचे गाणे म्हणू लागली, ती खाली उतरावयास तयार होईना, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात गेले. तिघी बहिणी गावोगाव गात हिंडल्या. 'गम'चे 'गार्लंड' झाले. सप्टेंबर १९३५ मध्ये, तेरा वर्षांची असताना, मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य कंपनीने तिला करारबद्ध केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचे वडील मस्तिष्कावरणाच्या दाहाने वारले. ज्या माणसाने तिच्या गाण्याकडे निव्वळ लेकीचे गाणे म्हणून पाहिले असते, तो असा नेमका त्याच वेळी निघून गेला.

त्या गळ्याचे वैशिष्ट्य काय होते? आवाज खर्जाकडे झुकणारा, भरीव आणि वयाच्या मानाने विलक्षण प्रौढ. परंतु केवळ आवाज मोठा असून भागत नाही. 'ऑझ'मधील इंद्रधनुष्याचे ते सुप्रसिद्ध गाणे घ्या. हॅरोल्ड आर्लेनने बांधलेली त्याची चाल पहिल्याच शब्दात मध्य षड्जावरून थेट तार षड्जावर झेप घेते. एखादी सामान्य गायिका येथे वरचा सूर ठणकावून टाळी घेईल. ज्यूडी तो सूर हळूच, जणू चवड्यांवर उभी राहून वरच्या फळीवरची वस्तू काढावी तसा, घेते. त्यामुळे ते गाणे कसरतीचे न राहता इच्छेचे होते. गंमत अशी की, खाजगी खेळानंतर कंपनीतील काही थोरामोठ्यांना हे गाणे रेंगाळते असे वाटले आणि ते कापून टाकण्याचा विचार झाला होता. निर्मात्यांपैकी आर्थर फ्रीड हट्टाने उभा राहिला म्हणून ते वाचले. त्याच गाण्यास पुढे ऑस्कर मिळाले, आणि २००४ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने शंभर चित्रपटगीतांची यादी केली तीत त्यास पहिले स्थान दिले.

आता दुसरी बाजू. आमच्या या भागातील जुन्या रसिकांना आश्रय म्हणजे काय हे सांगावयास नको. बडोद्याच्या दरबारी गवय्ये-वादकांचे खातेच होते आणि त्याचे नाव 'कलावंत कारखाना'. हॉलिवूडची ती कंपनी मात्र आजच्या अर्थाने कारखाना होती. करार सात वर्षांचा. दर काही महिन्यांनी तो पुढे चालविण्याची वा मोडण्याची मुभा कंपनीस, नटास नाही. काम नाकारल्यास बिनपगारी निलंबन, आणि निलंबनाचे दिवस पुन्हा कराराच्या मुदतीत जमा! ऑलिव्हिया द हॅव्हिलंड या अभिनेत्रीने दुसऱ्या एका कंपनीवर दावा लावून १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाकडून या प्रथेस पायबंद घातला. परंतु तोपर्यंत ज्यूडीचे बालपण संपून गेले होते.

या कारखान्यात गळ्याची पारख होती, पण शरीर मापात बसत नव्हते. उंची पाच फुटांहून कमी, बांधा गुबगुबीत, आणि शेजारी लाना टर्नरसारख्या रूपवती. तेव्हा जेवण तोडण्यात आले. सूप, काळी कॉफी आणि भूक मारण्यासाठी सिगारेट, असा आहार वाढत्या वयाच्या मुलीस लावून देण्यात आला. 'ऑझ'मध्ये ती लहान दिसावी म्हणून छाती आवळून बांधीत. मिकी रूनीबरोबर संगीत बोलपटांमागून बोलपट निघत होते. पुढे तिने स्वतःच सांगितले की, कामाची तरतरी राहावी म्हणून आम्हांला गोळ्या देत, मग झोपेसाठी वेगळ्या गोळ्या देत, आणि चार तासांनी उठवून पुन्हा पहिल्या गोळ्या देत. रूनीने मात्र कंपनीवरील हा आरोप नंतर नाकारला. उत्तेजक आणि निद्राजनक औषधांचे धोके त्या काळी आजच्याइतके उमगले नव्हते हेही खरे. तरी एवढे निश्चित की, विशीत येईपर्यंत ती गोळ्यांवाचून जागी राहू शकत नव्हती आणि गोळ्यांवाचून झोपू शकत नव्हती. हा शाप नव्हे. ही दिनचर्या होती, आणि ती दुसऱ्यांनी आखली होती.

इतके असूनही तिची कलाबुद्धी केवढी जागरूक होती, याचे एक उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते. १९४४ च्या 'मीट मी इन सेंट लुइस'मध्ये, गाव सोडून जावे लागणार म्हणून रडणाऱ्या धाकट्या बहिणीस ती नाताळचे एक गीत म्हणून समजाविते असा प्रसंग आहे. गीतकार ह्यू मार्टिनने प्रथम जे शब्द लिहिले ते इतके निराश होते की, ज्यूडीने ते गावयास नकार दिला. एवढ्याशा पोरीसमोर असे गायिले तर प्रेक्षक मला राक्षसीण म्हणतील, असे तिचे म्हणणे. बऱ्याच कुरबुरीनंतर गीतकाराने शब्द बदलले, आणि आज ते गाणे नाताळच्या नित्याच्या गाण्यांत जाऊन बसले आहे. दुःखावरच जिची कला पोसली गेली असे म्हणतात, तिनेच दुःख कमी करा असा आग्रह धरला होता! दुःखी गाणे आणि दुःख भोगणे यांतील अंतर तिला तिच्या चरित्रकारांपेक्षा अधिक नेमके ठाऊक होते.

त्याच बोलपटाचा दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली याच्याशी १९४५ मध्ये तिचा विवाह झाला. पुढल्या वर्षी कन्या लायझा जन्मली. परंतु प्रकृती ढासळत चालली होती. कामावर उशीर होई, दिवसचे दिवस खाडा पडे. 'ॲनी गेट युवर गन' हातचा गेला आणि बेटी हटनकडे आला. १९५० च्या 'समर स्टॉक'चे काम कसेबसे पुरे झाले. काही आठवड्यांनी त्यात आणखी एक गाणे घालावयाचे ठरले तेव्हा काळा कोट आणि तिरपी हॅट घालून ती आली आणि असे नाचली की तो तुकडाच त्या बोलपटाची ओळख होऊन बसला. पण जूनमध्ये पुन्हा निलंबन झाले. त्यानंतर तिने काचेने स्वतःचा गळा कापून घेण्याचा प्रयत्न केला. जखम वरवरची होती. वर्तमानपत्रांचे मथळे मात्र खोल गेले. सप्टेंबरात पंधरा वर्षांचा संबंध संपला. वय अठ्ठावीस.

येथे पडदा पडला असता तर ती खरोखर एक करुण कथा झाली असती. पण १९५१ मध्ये ती लंडनच्या पॅलेडियममध्ये उभी राहिली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात सलग १९ आठवडे गायिली. १९५४ मध्ये जॉर्ज क्यूकोरच्या 'ए स्टार इज बॉर्न'मध्ये रात्रीच्या बंद क्लबात, मोजक्या वादकांसमवेत, ती जे गाणे म्हणते ते कॅमेऱ्याने न तुटता एका दमात टिपले आहे. अभिनय आणि गायन यांची शिवण कोठे आहे हे शोधूनही सापडत नाही. या बोलपटाचे नशीब मात्र पाहा. तीन तासांचा खेळ फार लांब होतो, दिवसाचे खेळ कमी बसतात, म्हणून कंपनीने प्रदर्शनानंतर जवळजवळ अर्धा तास कापून टाकला. तिची दोन गाणीही त्यात गेली. कापलेल्यांपैकी काही भाग १९८३ मध्ये शोधून, जेथे चित्र सापडले नाही तेथे स्थिरचित्रे लावून, पुन्हा जोडण्यात आला. १९५५ चे ऑस्कर ग्रेस केलीस मिळाले. ज्यूडी तेव्हा नुकतीच बाळंत होऊन इस्पितळात होती, आणि ती जिंकलीच तर तिचे भाषण दाखविता यावे म्हणून कॅमेरेवाले तिच्या खोलीत तारा जोडून बसले होते. नाव दुसरीचे निघाल्यावर त्यांनी सामान आवरले.

१९५९ मध्ये यकृताच्या दाहाने ती अंथरुणास खिळली. पुन्हा गाता येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. दीड वर्षाने, २३ एप्रिल १९६१ रोजी, ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायिली. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणास त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि ते मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली. ते ध्वनिमुद्रण आजही सहज ऐकावयास मिळते. रसिकांनी ते अवश्य ऐकावे. मध्येच ती शब्द विसरते, विसरलेल्या जागी स्वतःचेच काहीतरी घालून वेळ मारून नेते, श्रोत्यांशी थट्टा करते, घामाने आपले काय झाले आहे ते सांगून हसते. त्यात कोठेही कण्हणे नाही.

अखेरची वर्षे थोडक्यात सांगावी अशीच आहेत. १९६३-६४ चा तिचा दूरदर्शनवरील कार्यक्रम २६ भागांनंतर बंद झाला. प्राप्तिकराची थकबाकी चढत गेली. १९६७ मध्ये राहते घर विकावे लागले. एकंदर पाच विवाह झाले, त्यांतील शेवटचा मृत्यूच्या तीन महिने आधी. १९६८ च्या अखेरीस लंडनमधील एका नाइटक्लबात तिचे पाच आठवड्यांचे कार्यक्रम सुरू झाले. ती उशिरा येई, तेव्हा काही श्रोत्यांनी तिच्यावर पावाचे तुकडे फेकले. मृत्यूनंतर न्यायाधिकाऱ्याने निर्णय दिला की, झोपेच्या गोळ्यांचे प्रमाण नकळत अधिक झाले; आत्महत्या नव्हे. न्यूयॉर्कमध्ये अंत्यदर्शनासाठी सुमारे वीस हजार माणसे रांगेत उभी होती. पाव फेकणारे आणि रांगेत उभे राहणारे ही दोन वेगळ्या जातींची माणसे होती असे आम्हांस वाटत नाही. कलावंताच्या गैरहजेरीवर चिडणारा आणि त्याच्या मृत्यूवर हळहळणारा रसिक बहुधा एकच असतो.

येथे कोणी म्हणेल की, त्याच कारखान्यातून इतरही मुले बाहेर पडली आणि ती जगली. मग दोष कारखान्याचा कसा? शिवाय त्याच कंपनीने तिला रॉजर इडन्ससारखा संगीतगुरू दिला, उत्तम वाद्यवृंद दिला, आर्लेनसारखे संगीतकार दिले. हे सारे खरे आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण एकच रस्ता सर्वांस सारखा ठेचाळत नाही म्हणून रस्त्यातला धोंडा निर्दोष ठरत नाही. आणि शिक्षण दिल्याबद्दल शिष्याची झोप मागून घेण्याचा अधिकार कोणत्याच गुरूस वा मालकास नाही.

हा प्रश्न परदेशाचा आणि गतकाळाचा म्हणून बाजूस सारता येत नाही. जॅकी कूगन या बालनटाची सारी कमाई त्याच्या घरच्यांनी खर्चून टाकली, तेव्हा १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा केला. नेमके 'ऑझ'चे वर्ष! आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी बालकलाकारास दिवसाला पाच तासांहून अधिक काम देण्यास मनाई केली आणि त्याच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्याच नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचे बंधन घातले. नियम चांगले आहेत. पण गाण्याच्या स्पर्धांत सात-आठ वर्षांची पोरे रात्री उशिरापर्यंत उभी राहतात, परीक्षकांच्या एका शब्दावर रडतात, आणि ते रडणे जवळून टिपून आपणांस दाखविले जाते, तेव्हा ते पाच तास कोण मोजतो? पालक मोजत नाहीत, निर्माते मोजत नाहीत. आणि आपण तर पुढल्या भागाची वाट पाहत असतो.

ज्यूडी गार्लंड गायिली ती दुःख होते म्हणून नव्हे. दुःख असूनही गायिली. तिला रोज आठ तास झोप आणि दोन वेळचे पोटभर जेवण मिळाले असते, तर तिच्या गाण्यात काही उणे पडले असते असे मानण्यास आम्हांस कोणतेही कारण दिसत नाही. उलट, कदाचित सत्तराव्या वर्षीही ती गात राहिली असती. बुटांना सव्वातीन कोटी डॉलर मोजणाऱ्या जगाने तो हिशेब एकदा मांडून पाहावा.