शाळेचा निकाल आणि नजर पैसेवारी



आज पिकाबद्दल कमी अन् शाळेबद्दल जास्त लिहिणार आहे. पण सुरुवात सोयाबीनपासूनच करावी लागंल.

जुलैत तणनाशक मारायचं होतं. इमॅझेथापायर १० टक्के. मला बँकेत जायचं होतं म्हणून पुतण्याला म्हणलं, डब्यावर वाच अन् मार. २०२५ च्या मे महिन्यात पोरगं दहावी झालं, ८१ टक्के, आम्ही पेढे वाटले. डब्यावर हेक्टरी १ लिटर लिहिलेलं. आपण एकराला १५ लिटरचे १० पंप मारतो. म्हणजे एकरी ४०० मिली, पंपाला ४० मिली. त्यानं पंपाला १०० मिली टाकलं. हेक्टरला एकरच धरलं. आठ-दहा दिवसांत प्लॉट पिवळा पडला, वाढ थांबली. विचारलं तर म्हणला, "काका, डब्यावर एक लिटरच हाय की."

पोरगं हुशार आहे, कामाला वाघ आहे. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. चूक माझीबी हाय, डोस मी लिहून द्यायला पाहिजे होता. पण ८१ टक्केवाल्याला हेक्टरचा एकर करता येत नसंल तर ते ८१ कशाचे, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

आपल्याला नजर पैसेवारी माहीत आहे. बांधावरून बघायचं अन् आकडा लावायचा. पीक जळालेलं दिसतं तरी कागदावर पन्नास पैशाच्या वर. खरं कळतं ते पीक कापणी प्रयोगात, ठरलेल्या प्लॉटमधलं कापायचं, मळायचं, वजन करायचं. दहावीचा निकाल मला आता नजर पैसेवारीसारखा वाटायला लागलाय.

राज्याचे आकडेच बघा. २०१८ ला निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषेचे, शाळेच्या हातातले २० गुण काढले, तर निकाल एकदम ७७.१० वर. (अभ्यासक्रमबी त्या साली नवा होता, हे मान्य.) २०२० ला ते गुण परत दिले, निकाल ९५.३०. त्या साली कोरोनामुळं भूगोलाचा पेपर झालाच नाही, तेबी धरा. २०२१ ला परीक्षाच झाली नाही अन् निकाल ९९.९५. २०२५ ला ९४.१०. एका वर्षात पोरं १२ टक्क्यांनी ढ होत नसतात आणि पुढच्या वर्षी १८ टक्क्यांनी हुशारबी होत नसतात. बदलला तो काटा. शाळेनं २० पैकी २० दिले तर लेखीत ८० पैकी १५ वर पास व्हायला ३५ भरतात. शाळेतले गुण सरसकट वाईट नाहीत, भित्र्या पोराला त्याचा आधार होतो. पण ते तोलून दिले पाहिजेत.

आणि कापणी प्रयोग म्हणाल तर तोबी झालेला आहे. 'असर'वाल्यांनी २०२३ ला देशभरातल्या काही ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या पोरांना घरी जाऊन तपासलं. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं, हे निम्म्याहून जास्त पोरांना जमलं नाही. साधारण चौथ्या हिश्श्याला आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर नीट वाचता आला नाही.

आता माझ्या घरातली दुसरी गोष्ट. पोरगी नववीत आहे. गेल्या महिन्यात शाळेत बोलावलं. सर म्हणले, हिचं गणित कच्चं आहे, नववी झाली की दाखला काढा आणि दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरा. म्हणजे बाहेरून बसवा. का, तर शाळेच्या निकालाची टक्केवारी. मी सरळ नाही म्हणलो. किडकं बी आधीच वेचून फेकायचं आणि मग शंभर टक्के उगवण झाली म्हणून बोर्ड लावायचा, हे बियाणं कंपनीनं केलं तर आपण तक्रार करतो.

शिक्षकांना एकट्याला दोष देणार नाही. आमच्या शाळेत गणिताची जागा दोन वर्षं रिकामी होती, मराठीचे सर गणित घेत होते. पट कमी झाला की संचमान्यतेत जागा जाते, मग उरलेल्यांनी ओढायचं. वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं. आणि आपण काय करतो? सोयाबीन काढणीला पोराला पंधरा दिवस घरी ठेवतो. मीबी ठेवलंय.

पण टक्केवारीच्या बोर्डावर आपण खूश होतो म्हणून शाळा बोर्ड लावते. मी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उठून दोनच गोष्टी विचारल्या. आठवीला पटावर किती होते आणि त्यातले दहावीला याच शाळेतून किती बसले? आणि गणिताचा शिक्षक कोणत्या तारखेपासून नाही? मुख्याध्यापक आलेच नव्हते. सरपंच म्हणले, पुढच्या सभेत बोलवू. २ ऑक्टोबरला परत विचारणार आहे. तुमच्या गावातबी विचारा, आकडे इथं टाका.

तोवर रविवारी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर आठ-दहा पोरं घेऊन बसतोय. पुस्तक नाही. औषधाचा डबा, खताची गोणी, सोसायटीच्या कर्जाची पावती. ५० किलोच्या १०:२६:२६ च्या गोणीत नत्र किती, असले हिशेब. पुतण्याच शिकवतो आता, एकर-हेक्टर त्याला जन्मात चुकणार नाही.

कृषी सहायक अन् ग्रुपवरल्या डॉक्टर मंडळींना एक विचारायचं आहे. अडीचपट डोस पडलेल्या त्या एकरात रब्बीला ज्वारी धरायची होती. जमिनीत औषधाचा अंश राहतो म्हणून सध्या थांबलोय. थोड्या मातीत ज्वारीचे दाणे टाकून आधी उगवण बघावी का सरळ दुसरं पीक घ्यावं? प्लॉटचे फोटो खाली टाकलेत.