बाळासाठी जागा, पण कोणाची?

अकरा वर्षांपूर्वी आमच्या घरी तिसरे मूल येणार होते. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढेच आमचे घर. एका खोलीत अब्बा-अम्मी, दुसरीत आम्ही दोघे आणि दोन मुले. सातवा महिना लागला तशी बाळाच्या जागेची चर्चा सुरू झाली. अम्मीने खोलीभर नजर फिरवली आणि खिडकीजवळ बोट दाखवले. "ये टेबल हटाओ, पालना यहाँ रखेंगे."

ते टेबल माझ्या मोठ्या मुलीचे. ती तेव्हा सहावीत होती. टेबल गॅलरीत गेले आणि मुलगी स्वयंपाकघरात बसून गृहपाठ करू लागली. ती काही बोलली नाही. बोलत नाही म्हणून आम्ही तिला समजूतदार ठरवले. धाकट्या मुलाची सायकल मात्र पलंगाच्या पायथ्याशी तशीच उभी होती. ती हटवा, असे कोणालाच सुचले नाही. मलाही नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. दरवर्षी वर्गात एखादी मुलगी असते, जिची वही अचानक कोरी येऊ लागते. विचारले तर मान खाली घालून सांगते, "सर, घर में बच्चा हुआ है." तोवर मी "बरं, उद्या आण" म्हणून पुढे जात असे. त्या वर्षी एकीने हे सांगितले आणि मी तिथेच थबकलो. घरी येऊन माझ्या मुलीची वही मागितली. पानांवर हळदीचे डाग होते आणि गणिते अर्धवट. बीएडला बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झालो होतो!

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आहे. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि त्याला साक्षीदार व्हा, अशी विनंती प्रेषितांना (स.) केली. सगळ्या मुलांना असेच दिले आहे का, असे प्रेषितांनी विचारले. उत्तर नाही असे आले. तेव्हा अल्लाहला भिऊन मुलांमध्ये न्याय करा, असे त्यांना सांगण्यात आले आणि वडिलांनी भेट परत घेतली. आपल्याला ही हदीस जमीन-जुमल्याच्या वेळी आठवते. चार फुटांच्या कोपऱ्याच्या वेळी का आठवत नाही? मूल दहा वर्षांचे झाले की अंथरुणे वेगळी करा, हेही अबू दाऊदच्या हदीसमध्ये आहे. वाढत्या मुलाला स्वतःची जागा लागते, असा बोध मी त्यातून घेतो.

आणि नव्या बाळाला खरोखर किती जागा लागते? डॉक्टर सांगतात ते साधे आहे. पहिले काही महिने बाळ आईच्याच खोलीत असावे, पण स्वतःच्या सपाट, घट्ट गादीवर, उताणे झोपवलेले. शेजारी उशा-गोधड्यांचा ढीग नको. डोके गोल व्हावे म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीही नको. लोबानची धुरी, अगरबत्ती, डासांची कॉइल यांचा धूर नको, मच्छरदाणी लावावी. खोलीत हवा खेळती असावी आणि बाळंतिणीला झोप मिळावी. यातल्या कशासाठी सहावीतल्या मुलीचे टेबल काढावे लागते?

मग आम्ही खोलीकडे नीट पाहिले. पलंगाशेजारी दोन मोठ्या पेट्या होत्या. एकीत पाहुण्यांच्या गाद्या, दुसरीत जहेजची भांडी, जी वर्षातून एकदाही निघत नव्हती. पेट्या माळ्यावर गेल्या, सायकल जिन्याखाली गेली. पाळणा पलंगाशेजारी लागला आणि टेबल खिडकीशी परत आले. अम्मी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नातीच्या टेबलाची धूळ त्यांनीच पुसली.

परवा हा विषय निघाला तेव्हा मुलगी म्हणाली, "अब्बू, टेबल गेलं तेव्हा मला वाटलं होतं, आता मला शाळेतूनही काढतील." अकरा वर्षे ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

एकाच खोलीत सहा माणसे राहतात, अशी घरे आपल्या मोहल्ल्यांत कमी नाहीत, हे मी जाणतो. तिथेही भिंतीवर एक फळी ठोकता येते, आणि संध्याकाळचा एक तास बाळाला बापाच्या मांडीवर देता येते. अकीक्याची दावत आपण कर्ज काढून करतो. फळीला कर्ज लागत नाही. घरी पाळणा आणणार असाल, तर आधी एवढेच पाहा की त्यासाठी कोण उठून बाजूला होत आहे. आणि ते मूल गप्प असेल, तर त्यालाच पहिल्यांदा विचारा.