पेटी उघडणारे आणि पेटी घडविणारे

करमणुकीच्या साधनांचा विचार करणे हे पुरोगामी चळवळीतील कार्यकर्त्यांना बहुधा दुय्यम वाटते. चित्रपटांवर निदान टीका तरी होते; व्हिडिओ गेम मात्र पोरखेळ म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः श्रम, मालकी आणि मोबदला यांविषयीचे संस्कार हा खेळ ज्या चिकाटीने करतो, तितक्या चिकाटीने करणारी माध्यमे थोडी.

या खेळांचा एक रूढ नियम असा की, जो कोपरा न् कोपरा धुंडाळील त्याला फळ मिळेल. धबधब्यामागे गुहा असते, गुहेत पेटी, पेटीत मोहरा किंवा तलवार. १९८६ साली जपानमध्ये सुरू झालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेतील नायक तर गावकऱ्यांच्या घरात शिरून त्यांची मडकी फोडतो, कपाटे उचकतो आणि सापडेल ते घेऊन जातो. घरमालक शेजारी उभा राहून खुशाल गप्पा मारीत असतो! ‘स्कायरिम’ या २०११ मधील खेळात परक्याची वस्तू उचलणे चोरी ठरते हे खरे. पण जुन्या थडग्यांतील धनाला तेथेही कोणी धनी नाही. ही संपत्ती कोणाच्या श्रमातून निर्माण झाली, हा प्रश्नच उद्भवत नाही. ती आयती पडलेली असते आणि प्रथम हात घालील त्याची होते. वसाहतवाद्यांनी परक्या खंडांकडे याच नजरेने पाहिले होते.

हे काहींना अतिरेकी वाटेल. शोधाची ओढ ही माणसाची उमदी प्रवृत्ती आहे, तिला खेळाने वाव दिला तर बिघडले कोठे, हा आक्षेप वजनदार आहे. दिवसभर यंत्रासारख्या राबणाऱ्या तरुणाला आपल्या चौकसपणाचे चीज केवळ पडद्यावरच होताना दिसावे, यात दोष त्या तरुणाचा नव्हे. दृष्टी वळवावयाची ती पेटी घडविणाऱ्याकडे.

अमेरिकेतील अटारी कंपनीच्या ‘ॲडव्हेंचर’ या १९८० मधील खेळाची हकीगत बोलकी आहे. अटारी त्या काळी खेळ रचणाऱ्यांची नावे जाहीर करीत नसे, की विक्रीतील वाटा त्यांना देत नसे. याच गाऱ्हाण्यापायी १९७९ साली चार प्रोग्रामर बाहेर पडले आणि ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली. ‘ॲडव्हेंचर’चे कर्ते वॉरन रॉबिनेट यांनी निराळी वाट धरली. पार्श्वभूमीच्याच रंगाचा, नजरेस न पडणारा एक ठिपका उचलून योग्य जागी नेला की एक गुप्त खोली उघडे. तीत धन नव्हते. रॉबिनेट यांचे नाव होते. एका मुलाने पत्राने कळविले तेव्हा वरिष्ठांना त्याचा पत्ता लागला, आणि तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेलेही होते. कसून शोध घेणाऱ्याच्या हाती लागलेले ते बक्षीस म्हणजे एका कामगाराची सही होती.

गुप्त जागांचे आकर्षण कंपन्यांनी हेरले आणि त्याचा धंदा केला. पुढे तर पेटी शोधण्याऐवजी विकत घेण्याची सोय निघाली. आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये ‘ओव्हरवॉच’सह काही खेळांतील अशा पेट्या बेकायदा जुगार ठरविल्या. मटका पाहिलेल्या मुंबईकराला यात नवल वाटू नये.

त्याच वर्षी रॉकस्टार कंपनीचा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ बाजारात आला. त्यात कपाटाचा खण न् खण वेगळा उघडतो, मेलेल्याचे खिसे चाचपता येतात. मात्र खेळ निघण्यापूर्वी नोकरी सोडलेल्यांची नावे त्याच्या श्रेयनामावलीत नाहीत. त्यांची बोळवण संकेतस्थळावरील आभाराच्या यादीत झाली. खेळणाऱ्याने सारे खण उचकले तरी ती त्याला तेथे सापडावयाची नाहीत.

आणि प्रत्येक भिंतीला धडकून पाहणे, प्रत्येक पेटी शंभरदा उघडून दोष शोधणे, हे ज्यांचे पोटापाण्याचे काम, ते तपासनीस या धंद्याच्या तळाशी. त्यांना मोहरा सापडत नाहीत. ॲक्टिव्हिजनच्याच मालकीच्या, विस्कॉन्सिन राज्यातील रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये काही तपासनिसांना कामावरून कमी करण्यात येत असल्याचे कळताच त्यांच्या सहकाऱ्यांनी काम बंद केले. मे २०२२ मध्ये त्यांनी युनियनसाठी मतदान केले: बाजूने १९, विरुद्ध ३.