अकरा वाजताचा बर्फ

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की आमच्या ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी एकच विषय सुरू होतो: यंदा कुठली स्की घ्यायची? (सिअॅटलमध्ये राहून स्की न करणं म्हणजे मालवणात राहून मासे न खाणं. चालतं, पण लोक जरा दयेने बघतात. :-) ) आणि दरवर्षी मी बघतो, की एरवी शंभर रुपयांच्या खरेदीआधी दहा ठिकाणी चौकशी करणारी हुशार मंडळी स्की घेताना मात्र ठरलेली चूक करतात. मीही केली. ती मला सातशे डॉलर आणि सहा आठवड्यांच्या लंगडण्याला पडली. म्हणून आजचा हा लेखनप्रपंच.

चूक अशी की आपण स्की विकत घेतो ती नऊ वाजताच्या बर्फासाठी, आणि वापरतो ती अकरा वाजताच्या बर्फावर.

ज्यांनी स्की कधी पायाला बांधली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. समजा शुक्रवारी रात्री डोंगरावर दहा इंच ताजा बर्फ पडला. शनिवारी पहाटे साडेपाचला डोळे चोळत, थर्मासात चहा भरून तुम्ही यूएस-२ हायवेने स्टीव्हन्स पासला पोचता. नऊच्या सुमारास लिफ्ट सुरू होते. पहिल्या उतरणीला बर्फ असा असतो, की जणू कोणी उतारावर पिठीसाखर चाळून ठेवली आहे. स्कीचा आवाज येत नाही, पायाखाली काही आहे असं वाटत नाही. स्कीच्या जाहिराती असतात ना, त्या सगळ्या याच दहा मिनिटांच्या असतात.

पण तुमच्यासारखेच आणखी काही हजार लोक पहाटे साडेपाचला उठलेले असतात! दोन-तीन फेऱ्यांत त्या उताराचा पार चिवडा होतो. लहान मुलं ताटातला भात चिवडून ठेवतात ना, अगदी तसा. मऊ बर्फ तर असतो, पण कुठे गुडघाभर ढीग, कुठे खरवडून निघालेला टणक तळ, मध्येच कोणाच्या तरी वळणाने बाजूला फेकलेली ढेकळं. मी याला चिवडलेला बर्फ म्हणतो. अमेरिकन लोक चॉप म्हणतात. आमच्या कॅस्केड डोंगररांगेत तर हे प्रकरण आणखी जड. पॅसिफिकवरून येणारी हवा दमट आणि तापमान बऱ्याचदा शून्याच्या आसपास, त्यामुळे बर्फ भरपूर पडतो पण ओलसर पडतो. इथून उत्तरेला माउंट बेकरवर १९९८-९९ च्या सीझनमध्ये १,१४० इंच, म्हणजे जवळपास २९ मीटर बर्फ पडला होता. तेव्हा कमतरता नाहीच. पण युटाच्या कोरड्या भुरभुरीत बर्फाशी तुलना केली तर आमचा बर्फ म्हणजे भिजवलेली कणीक. इथले लोक त्याला कौतुकाने ‘कॅस्केड काँक्रीट’ म्हणतात, यावरून काय ते समजा.

गेल्या सीझनला मी चौदा दिवस स्कीला गेलो. एका वहीत नोंद ठेवली होती (सवय, दुसरं काय). अजिबात न तुडवलेल्या बर्फात केलेल्या उतरण्या किती? नऊ. चौदा दिवसांत मिळून नऊ! उरलेला सगळा वेळ चिवडलेला बर्फ, नाहीतर मशीनने सपाट केलेल्या पट्ट्या. आपण डेमोसाठी कोड लिहितो आणि मग तोच प्रॉडक्शनला टाकून रात्री दोनला उठतो, त्यातलीच ही गत.

आता ही चूक होते कशी? स्की कमरेला किती रुंद, यावर सगळी चर्चा होते. कंबर म्हणजे स्कीचा बुटाखालचा सगळ्यात अरुंद भाग, मिलिमीटरमध्ये मोजतात. (गंमत म्हणजे स्कीला कंबरही असते आणि कँबरही असतो. कँबर म्हणजे सपाट जमिनीवर ठेवल्यावर मधोमध दिसणारी कमान. दुकानात मराठी मित्राशी बोलताना या दोन शब्दांनी माझी भलतीच फजिती झाली आहे.) पूर्वीच्या स्की कमरेला ६०-७० मिमी असायच्या. मग रुंद स्की आल्या. शेन मॅककॉन्की नावाच्या अवलिया स्कीअरने अलास्कात चक्क पाण्यावरच्या वॉटर-स्कीला बाइंडिंग ठोकून बर्फात उतरून बघितलं, आणि त्याच विचारातून २००२ मध्ये व्होलांट कंपनीची ‘स्पॅट्युला’ आली. तिची टोकं वर वळलेली आणि मधला भाग सगळ्यात रुंद, म्हणजे स्कीच्या रूढ आकाराच्या बरोबर उलट. खोल बर्फात ती बुडायच्या ऐवजी तरंगायची. कल्पना क्रांतिकारी होती, आज जवळजवळ प्रत्येक रुंद स्कीत तिचा अंश आहे. पण ती कल्पना होती खोल, न तुडवलेल्या बर्फासाठी. आपण सामान्य माणसांनी त्यातून धडा काय घेतला? तर ‘जितकी रुंद तितकी भारी’!

त्यात दुसरी फॅशन वजनाची. हलका लॅपटॉप चांगला, हलका फोन चांगला, तेव्हा हलकी स्कीही चांगली. दुकानात आपण एक स्की हातात उचलून ‘वा!’ म्हणतो. पण स्की हातात धरून वापरायची नसते हो.

मी तेच केलं. ११८ मिमी कंबर, पिसासारखी हलकी, सीझन संपताना सेलमध्ये मिळाली म्हणून स्वतःवर खूश. पुढच्या फेब्रुवारीत एका शनिवारी साडेअकराच्या सुमाराला एका ढेकळाने उजव्या स्कीचं टोक बाहेरच्या बाजूला ढकललं. स्की हलकी, त्यामुळे ती मुकाट्याने गेली. स्कीच्या मागोमाग पाय गेला. पायाच्या मागोमाग मी मात्र जाऊ शकलो नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलं. ऑपरेशन टळलं एवढंच नशीब. घरी सोफ्यावर गुडघ्याला आइस पॅक लावून बसलो होतो, तर बायको म्हणाली, “एवढं पेट्रोल जाळून बर्फात पडायला गेलास आणि आता घरी बसून बर्फच लावतोयस. हे फ्रीजमध्येही मिळत होतं.”

सगळा दोष स्कीचा नव्हता, हे कबूल. पाय दमले होते आणि मी मागे रेलून चाललो होतो. पण सोफ्यावरच्या सहा आठवड्यांत विचार करायला भरपूर वेळ मिळाला, आणि त्यातून माझं मत बनलं ते असं.

पहिली गोष्ट वजन. चिवडलेल्या बर्फात स्की सतत ढेकळांवर आपटत असते. जड वस्तूला आपल्या मार्गावरून हटवायला जास्त जोर लागतो, हे आपण नववीत शिकलो. खड्ड्यांच्या रस्त्यावर लुना आणि बुलेट यांत जो फरक, तोच इथे. मध्यम बांध्याच्या माणसाला १८० सेंमीच्या आसपासची स्की लागत असेल, तर एका स्कीचं वजन १,९०० ते २,२०० ग्रॅम असलं तरी घाबरू नका. ते वजन लिफ्ट वर नेते, तुम्ही नाही. (स्वतःच्या पायाने डोंगर चढून जाणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना १,३००-१,५०० ग्रॅमची स्कीच परवडते.)

दुसरी गोष्ट आतली रचना. पूर्ण लाकडी गाभा हवा. त्यात टायटॅनलचा पत्रा असला तर उत्तम. नाव टायटॅनियमसारखं असलं तरी हा मुख्यतः अॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. त्याचं खरं काम थरथर मारणं. मात्र टोकापासून शेपटीपर्यंत जाड पत्रे ठासलेली स्की आपल्यासारख्या वीकएंडवाल्यांना फार कडक पडते. ती चूक माफ करत नाही. पत्रा बुटाखाली भरपूर आणि टोकांकडे कमी, असा समझोता मला मानवला.

तिसरी गोष्ट रुंदी. माझं मत: १०० ते १०८ मिमी. त्याखाली गेलात तर ओल्या जड बर्फात स्की रुतते. त्याच्या फार वर गेलात तर दोन तोटे. एक, ढेकळांना आपटायला जास्त जागा मिळते. दोन, दुपारी टणक पट्टीवर आलात की स्कीची कड तुमच्या पावलाच्या मध्यापासून लांब पडते. कडेवर उभं राहायचं तर गुडघ्याला तेवढ्या लांबीची तरफ सांभाळावी लागते. दिवसभरात शेकडो वळणं होतात, आणि त्या प्रत्येक वळणाचा हिशेब गुडघा ठेवत असतो. नॉर्डिकाची एन्फोर्सर १०४ असो की के-टूची माइंडबेंडर मालिका, बऱ्याच स्कींच्या नावातला आकडा म्हणजे कंबरच. पण सगळीकडे नाही, ब्लिझर्डच्या रस्टलर १० चा १० मिलिमीटरशी संबंध नाही. तेव्हा पाटी वाचूनच घ्या.

चौथी गोष्ट आकार. टोक वर वळलेलं असावं, त्याला रॉकर म्हणतात. त्यामुळे स्की ढिगात घुसण्याऐवजी त्यावर चढते. पण बुटाखाली कँबर राहिलाच पाहिजे, नाहीतर टणक जागी पकड जाते. कडेच्या वळणाची त्रिज्या १७ ते २० मीटर ठीक. त्याहून बरीच कमी असली तर स्की प्रत्येक ढेकळापाशी स्वतःच्या मनाने वळायला बघते. आणि रॉकरमुळे स्कीचा बर्फाला टेकणारा भाग कमी होतो, म्हणून लांबीत कंजुषी नको. दोन मापांच्या मध्ये अडकलात आणि तंत्र बरं असेल, तर मोठं माप घ्या.

यावर आमच्या ऑफिसातला एक मित्र म्हणतो, “अरे, एवढं कशाला? दोन जोड घे ना. एक पावडरचा, एक रोजचा.” घ्या की! ज्यांचं गॅरेज मोठं आणि बायको सहनशील त्यांनी जरूर घ्या. पण नवीन चांगली स्की साधारण सातशे-आठशे डॉलरला, वर बाइंडिंगचे वेगळे. शिवाय खरा प्रश्न असा, की पावडरवाली स्की घेऊन गेलात तरी अकरा वाजणारच आहेत. तेव्हा काय पार्किंगमध्ये जाऊन स्की बदलून येणार? बदलतात काही जण. मी नाही बघा.

आणि हो, हे माझं मत आमच्या डोंगरांपुरतं आहे. बॉस्टनकडच्या कडक, काचेसारख्या बर्फावर जाणाऱ्यांनी ८५-९० मिमी घ्यावी. गुलमर्गला चार दिवसांसाठी जाणाऱ्यांनी विकत न घेता भाड्यानेच घ्यावी, फक्त दुकानदाराला “कंबर किती?” हे विचारायला लाजू नये. अगदी नवशिक्यांनी तर आधी बूट नीट बसवून घ्यावेत. बूट सैल असेल तर दोन हजार डॉलरची स्कीसुद्धा तुमचं ऐकणार नाही.

मला वाटतं या सगळ्यामागे एक गंमतशीर अप्रामाणिकपणा आहे. खरेदी करताना डोळ्यांसमोर असतो तो आपल्या कल्पनेतला मी. त्याच्याकडे रोज ताजा बर्फ असतो, तो कधी दमत नाही आणि त्याचा उतार कायम रिकामा असतो. या इसमासाठी आपण ट्रेडमिल घेतो, गिटार घेतो, चौदा बर्नरची शेगडी घेतो आणि ११८ मिमीची स्की घेतो. वापरतो मात्र दुसराच. आठवडाभर खुर्चीत बसलेला, शनिवारी चार तास झोपलेला, साडेअकराला मांड्या भरून आलेला. त्याला सांभाळून घेणारी वस्तू घ्यायला हवी. त्यात कमीपणा काही नाही.

गुडघा बरा झाल्यावर मी १०४ मिमीची, दोन किलोच्या वरची स्की घेतली, आणि एक नवीनच शोध लागला. अकरा वाजता निम्मे लोक “आता काही मजा नाही” म्हणत कॉफी प्यायला जातात. लिफ्टची रांग संपते. बर्फ चिवडलेला असतो, पण असतो मऊच! बुलेटवर बसल्यासारखं त्या ढेकळांतून धडधडत खाली यायचं आणि रांगेत न थांबता पुन्हा वर जायचं. त्या चौदा दिवसांतला सगळ्यात जास्त आनंद मला याच वेळात मिळाला. त्या नऊ उतरण्या सुंदर होत्या, नाही असं नाही. पण त्या नऊच होत्या.

असो. या शनिवारी आठ इंचाचा अंदाज आहे. पहाटे पाचचा गजर लावलाय. बायको म्हणते, “अकराचा बर्फच जर एवढा चांगला, तर साडेनऊला का नाही निघत?” मंडळी, याचं उत्तर माझ्याकडे नाही. :-)