मध्ययुगीन युरोप आणि यवतमाळचा शेतकरी

यवतमाळच्या शेतकऱ्याच्या मुलाला मध्ययुगीन युरोपचा इतिहास कशाला हवा, असा प्रश्न मोठ्या व्यवहारीपणाने विचारला जातो. कापसाला भाव नाही, घरावर कर्ज आहे. अशा मुलाने पोप आणि सम्राट यांची भांडणे पाठ करून काय साधणार? प्रश्नात सहानुभूती दिसते. त्याच्या पोटात मात्र जुनाच भेदभाव दडलेला आहे : जगाचा इतिहास महानगरातील मुलांसाठी, जिल्ह्यातील मुलांसाठी नोकरीपुरते शिक्षण.

पोप-सम्राटांची जंत्री म्हणजे मध्ययुग नव्हे. जमीन कसणारा आणि त्याच्या श्रमावर जगणारा यांच्यातील संबंध हा त्या इतिहासाचा गाभा आहे. १३४८ मध्ये प्लेगची साथ इंग्लंडमध्ये पोहोचली. माणसे मेली आणि मजुरी वाढू लागली. तेव्हा जमीनदारांच्या पार्लमेंटने १३५१ मध्ये कायदा करून साथीपूर्वीच्या दरानेच राबण्याची सक्ती केली. १३८१ मध्ये एसेक्स व केंटचे शेतकरी उठले. त्यांनी जमीनदारांची दप्तरे जाळली. कारण त्यांचे दास्य त्याच कागदांत नोंदलेले होते. उठाव चिरडला गेला, पण पुढील शतकभरात तेथील भूदास्य जवळजवळ मोडून पडले. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. पाच शतकांचे अंतर असूनही कागदाची सत्ता दोघांनीही सारखीच ओळखली होती.

यवतमाळला तर आणखी जवळचा दाखला आहे. १८६५ च्या पडीत जमिनींच्या नियमांखाली इंग्रज सरकारने वऱ्हाडात, विशेषतः तेव्हाच्या वणी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या यवतमाळात, गावेच्या गावे इजाऱ्याने दिली. इजारदार गावाचा धनी झाला आणि राबणारा त्याचे कूळ. हे मालकी हक्क १९५० च्या कायद्याने रद्द झाले. ही सरंजामशाही होती की साम्राज्यशाहीने घडवलेली नवी जमीनदारी? उत्तर द्यायचे तर मूळ युरोपीय सरंजामशाही ठाऊक हवी. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ मध्ये भारतीय सरंजामशाहीची मीमांसा केली. रामशरण शर्मा यांनी १९६५ मध्ये ती विस्ताराने मांडली. हरबन्स मुखिया यांनी १९७९ मध्ये तिला आव्हान दिले. हा सारा वाद युरोपशी केलेल्या तुलनेवर उभा आहे. युरोप वगळला की विद्यार्थ्याच्या हाती वाद उरत नाही, फक्त नावे उरतात.

फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लोक यांनी १९३१ मध्ये आजच्या शेताच्या आकारापासून मागे वाचत जाण्याची रीत दाखवली. नाझींविरुद्धच्या लढ्यात उतरलेल्या या प्राध्यापकाला १९४४ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. त्याची रीत इजाऱ्याच्या गावांना लावून पाहणारा संशोधक यवतमाळच्या महाविद्यालयांतून का निघू नये?

याचे उत्तर विद्यार्थ्याच्या कुवतीत नाही, व्यवस्थेत आहे. तासिका तत्त्वावर राबणारा प्राध्यापक संशोधन कोणत्या वेळात करणार? शिकवेल तेवढ्या तासांचेच मानधन त्याला मिळते; म्हणजे तोही एका अर्थाने रोजंदारीवरच आहे. मराठीत आधारग्रंथ नाहीत, म्हणून मार्गदर्शिकांचे राज्य चालते. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने सत्तरच्या दशकात मराठीतून विद्यापीठीय ग्रंथ काढले होते. म्हणजे हे काम अशक्य नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी : रिक्त जागा कायम स्वरूपात भरा, मध्ययुगीन समाजेतिहासाचे ग्रंथ मराठीत आणा, जिल्ह्याची महसुली दप्तरे विद्यार्थ्यांना खुली करा. कार्यकर्त्यांनी ही मागणी हमीभावाच्या मागणीइतकीच आपली मानली पाहिजे. दास्य हे दैव नसते, ते माणसांनी लादलेले असते आणि माणसेच ते मोडतात; हे ज्याला इतिहासाने शिकवले, त्या शेतकऱ्याला आपले कर्ज विधिलिखित वाटणार नाही. त्याला हे शिकू न देण्यात कोणाचे हित आहे, हे उघड आहे.