जटायूच्या कुळासाठी

वसुबारसेला गाय-वासराला ओवाळून आपली दिवाळी सुरू होते. त्याच सुमारास नेपाळात तिहार असतो. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा, मग गाईची पूजा. गिधाडाचा दिवस मात्र कुठल्याच पंचांगात नाही. अंकाचं हे पहिलं पान त्याच्यासाठी राखलं आहे, कारण त्याचा घात गोठ्यातूनच झाला.

दुखणाईत गुराला आराम पडावा म्हणून डायक्लोफिनॅक टोचलं जाई. गूर तरीही दगावलं, की मढ्यावर उतरलेली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरत. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. कारण हाती आलं ते पाकिस्तानी पंजाबात मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून. तो शोध २००४ साली प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये भारत, नेपाळ, पाकिस्तान या तिघांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. बांगलादेशाने ती २०१० मध्ये घातली.

पण गिधाड एका देशात घरटं करतं आणि दुसऱ्यात खाद्य शोधायला जातं. म्हणून २०११ साली 'सेव्ह' हा संस्थांचा संघ उभा राहिला. आपली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) त्यात आहे, तशा नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानातल्या संस्थाही. एका ठिकाणी औषधाची चाचणी होते, निष्कर्ष सगळ्यांच्या कामी येतो. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही, हे 'सेव्ह'च्या आधीच अशा चाचण्यांतून कळलं होतं. किटोप्रोफेन घातक ठरल्यावर बांगलादेशाने जगात सर्वांत आधी, २०२१ मध्ये, ते बंद केलं. आपण २०२३ मध्ये केलं. ती दोन वर्षं मला बोचतात.

नेपाळात चितवनजवळच्या पिठौलीत गावकऱ्यांनी चालवलेलं 'जटायू रेस्टॉरंट' आहे. कामातून गेलेल्या म्हाताऱ्या गाई तिथे आणून सोडतात. त्यांना चारा-पाणी मिळतं, मरेपर्यंत कुणी हात लावत नाही. गाय आपल्या मरणाने गेली, की तिचं मढं माळावर ठेवतात आणि गिधाडं उतरतात. गाईची सेवाही झाली आणि पाखरांना बिनविषारी घासही मिळाला. ही कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली असेल, त्याला मी मनोमन हात जोडतो. आपल्या रायगडात, म्हसळ्याजवळच्या चिरगावातही गिधाडांसाठी असं मढं टाकण्याची धडपड लोकांनी केली आहे.

यंदा वसुबारसेच्या सुमारास गोठ्यात जनावरांचे डॉक्टर आले, तर सुई टोचण्याआधी बाटलीवरचं नाव वाचून घ्या. मेलॉक्सिकॅमच आहे ना, एवढं विचारा.