भिंतीवरील गणित आणि अक्षरांचे वळण

अलीकडे आमच्या वर्गातील गणिताचा पाठ फळ्यावरून उतरून भिंतीवर गेला आहे. प्रोजेक्टरचा प्रकाश पडतो, समीकरणे एकामागून एक उमटतात आणि खडूची धूळ कुणाच्या अंगावर उडत नाही. ही सोय आम्हांस मनापासून आवडते. तथापि ती समीकरणे ज्या ठशात मांडली जातात त्याविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. कारण मागील बाकांवर बसणाऱ्यांचे गुण त्यात अडकलेले आहेत.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आयताची लांबी इंग्रजी लहान 'एल' या अक्षराने दर्शविली होती. भिंतीवर 'दोन एल' होते. आम्ही वहीत एकवीस उतरून घेतले आणि परिमिती काढून मोकळे झालो! दोष शिकविणाऱ्यांचा नव्हता, अक्षराचा होता.

छापील पुस्तकांतील इंग्रजी अक्षरांच्या टोकांना बारीक आडव्या रेघा असतात; त्यांस सेरिफ म्हणतात. त्या नसलेले, बहुधा सारख्या जाडीचे वळण ते सॅन-सेरिफ. कागदावर पहिले वळण शोभते, यात वाद नाही. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ साली गणिताच्या सुबक छपाईसाठी 'टेक' ही प्रणाली आणली आणि तिच्यासाठी कॉम्प्युटर मॉडर्न हे ठसे घडविले. कित्येक गणितग्रंथ आजही त्यांतच छापतात. परंतु त्यांतील केसासारख्या रेषा, खिडकीतून ऊन येणाऱ्या वर्गात, भिंतीवर विरून जातात. म्हणून भिंतीसाठी सॅन-सेरिफच हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र साधेपणाच्या भरात अक्षराने आपली ओळखच टाकून देऊ नये. एरियलसारख्या सर्रास वापरातील वळणात मोठा 'आय' आणि लहान 'एल' या नुसत्या उभ्या काठ्या होत. एक या आकड्यास इवलेसे नाक असते खरे, पण ते शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. 'एक्स'चे पाय सरळ झाले की तो गुणाकाराची फुली वाटू लागतो. जुन्या मराठी बीजगणितात अज्ञात राशीस 'क्ष' म्हणत. त्याच नात्याने आपण आजही क्ष-किरण म्हणतो. 'क्ष'ला फुली समजण्याची चूक मात्र कुणाच्याही हातून होणे नाही!

आपल्या बीदर-कलबुर्गीकडील मुलांस हे नवे वाटू नये. कानडीतील एक हा आकडा वाटोळाच, फक्त खाली किंचित उघडा. जाड अक्षरात ती फट बुजली की पाटीवरील दहा म्हणजे दोन शून्ये. नवव्या शतकात आपल्या मालखेडास, म्हणजे तेव्हाच्या मान्यखेटास, अमोघवर्षाची राजधानी होती आणि त्याच्याच काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. श्लोकांत संख्या शब्दांनीच सांगावयाच्या, त्यामुळे त्यांच्या शिष्यांस हा त्रास नसावा.

आज उपाय हाताशी आहेत आणि ते विनामूल्य आहेत. अमेरिकेतील ब्रेल इन्स्टिट्यूटने मंद दृष्टीच्या वाचकांसाठी २०१९ साली ॲटकिन्सन हायपरलेजिबल हे वळण प्रसिद्ध केले. त्यात 'एल'ला शेपटी, 'आय'ला डोक्यापायाशी आडव्या रेघा आणि शून्याच्या पोटात तिरपी रेघ आहे. करणी व इतर गणिती चिन्हांसाठी फायरा मॅथ आहे. मराठी मजकुरासाठी मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता आहे.

आमची गुरुजनांस विनंती इतकीच की, ठसा निवडण्यापूर्वी एक, एल, आय, शून्य, ओ, एक्स आणि गुणाकाराची फुली एका ओळीत भिंतीवर टाकावी, पडदे उघडे ठेवावेत आणि आमच्यापैकी कुणास तरी शेवटच्या बाकावरून ती वाचावयास सांगावी. आमचे गणिताचे गुरुजी खडूने 'एल' लिहिताना त्यास नेहमी एक लांबट फास देतात. गणिती लोकांची ती जुनीच रीत आहे आणि संगणकातही ते अक्षर मिळते. फळ्यावर आम्ही त्यास कधीही एक म्हणून वाचलेले नाही.